दोन्ही बाजू सारख्या

बाळ धरायला जोर लागत नाही, हे मामांना पहिल्याच आठवड्यात कळलं. आपण जोर केला की बाळ दुप्पट जोर करतं. भरल्या कपावर बशी झाकावी तेवढ्या वजनाने तळहात ठेवायचा आणि थांबायचं. थांबणं हेच काम. खोलीत कोणी नवीन मदतीला आलं की मामा हे एकदा सांगत. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर बोलत नसत, पुढे होऊन बाळ स्वतःच घेत.

त्याआधी अकरा वर्षं ते याच दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून स्ट्रेचर ओढत; इथे वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात. एकदा लिफ्ट बंद पडली आणि एका वजनदार पेशंटला चार मजले जिन्याने उतरवावं लागलं. पेशंट खाली नीट पोचला. मामांची कंबर मात्र दुसऱ्या मजल्यावरच कुठेतरी राहिली. मग ऑफिसने त्यांना हलकं काम दिलं. हलकं काम देणाऱ्याला ते कधी करून बघावं लागत नाही.

काम होतं सोनोग्राफीच्या खोलीत. दर गुरुवारी तिथे तान्ह्या बाळांचे खुबे तपासत. आपल्या मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो आणि तो खुब्याच्या वाटीत बसलेला असतो. काही बाळांची वाटी जन्मतः उथळ असते. गोळा काठावर टेकून राहतो, नाहीतर बाहेरच निसटलेला असतो. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, आईला पत्ता नसतो. तान्हं हाड कानाच्या कूर्चेसारखं मऊ, त्यामुळे एक्स-रेत ते उमटत नाही, सोनोग्राफीत मात्र दिसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सापडलं तर पट्टे बांधायचे. गुडघे वर आणि बाजूला, बेडकासारखे. काही आठवड्यांत वाटी खोल होते आणि ते मूल पुढे फुटबॉल खेळतं. सुटलं तर मग ते चालायला लागल्यावरच कळतं, आणि तेव्हा पट्ट्याने भागत नाही.

खोलीत टेबलावर फोमच्या दोन वळकट्या ठेवलेल्या, वर रेक्झिन. मधल्या खोबणीत बाळ कुशीवर झोपवायचं. तिला सगळे होडी म्हणत. जेलची बाटली गरम पाण्याच्या मगमध्ये उभी, कारण गार जेल लागलं की बाळ तंगड्या झाडतं आणि चित्र बिघडतं. मामांचा एक हात बाळाच्या खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. गुडघा थोडा वाकवून आत वळवलेला. डॉक्टरबाईंना एका बाजूला अर्धं मिनिट लागे. ते अर्धं मिनिट बाळ हललं नाही पाहिजे आणि हात जाणवलाही नाही पाहिजे. बाळ कलतं झालं तर चांगला खुबा खराब दिसेल. आईच्या हातात रडणारं बाळ मामांच्या हातात गप्प होई, हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना येत होती. बाईंनीच ती त्यांना सुरुवातीला दाखवली होती. होडीत ठेवण्याआधी बाळाला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवायचे, दोन्ही मांड्या हलकेच बाहेर उघडायच्या. एक बाजू आधी अडली, एक गुडघा खाली राहिला किंवा एका मांडीवर जास्तीची वळी दिसली, की त्या बाजूला काहीतरी आहे. मामा नुसतं म्हणत, "डावा बघा." बाई मशीनचा प्रोब लावत आणि डावाच निघे. दरवेळी नाही, पण लोक बोलू लागतील इतक्या वेळा. सिस्टर म्हणायची, "मशीन बिघडलं तर चालेल, मामा आजारी पडता कामा नयेत." मामा तिला झटकून टाकत, जेलची बाटली पुसत. पण कौतुकाचं ओझं जाणवत नाही, म्हणून माणूस ते झेपेल त्याहून जास्त उचलतो.

मामांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी ते आणि लेक. जावई दूरदेशी कारखान्यांत यंत्रं बसवायच्या कामावर, वर्षातून दोनदा यायचा. लेक चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. आईचं नाक आणि बापाची चिकाटी घेतलेली. अर्ध्या अंशाने काच चुकली तर पुन्हा घासणारी. मालक म्हणायचा, "गिऱ्हाइकाला तरी दिसतंय का ते?" ती म्हणायची, "त्याला दिसत नाही म्हणूनच तर आलाय ना तो."

तिला मुलगी झाली ती पायाळू. पोटात शेवटपर्यंत पाय खाली करून बसलेली, म्हणून सिझर करावं लागलं, तेही दुकानाजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात. पोरगी एवढीशी, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मुली आणि त्यातही पायाळू, या बाळांचे खुबे सहाव्या आठवड्यात बघायचेच, हा नियम मामांना पाठ होता. त्यांनीच तारीख घेतली, त्यांनीच कागद आणला. जन्मल्यावर तिथल्या डॉक्टरांनी हाताने तपासलं होतं, काही लागलं नव्हतं. तरी मामा म्हणाले, हाताचं हाताला, मशीनचं मशीनला.

सहाव्या आठवड्यात लेकीचा टाका चिघळला आणि नेमक्या त्याच गुरुवारी तिला ड्रेसिंगला जावं लागलं. मामा म्हणाले, तू जा, मी नेतो. लेकीने दूध काढून बाटलीत दिलं. दारापर्यंत आली. तिला त्या तपासणीची धास्ती बसली होती, कारण बापाच्या तोंडून तिने पट्ट्यांच्या इतक्या गोष्टी ऐकलेल्या. "बाबा, झालं की लगेच फोन कर," म्हणाली. मामा म्हणाले, फोन कशाला, मी तिला घेऊनच येणार आहे.

त्या खोलीत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, कोणी मोडतही नव्हतं. घरचं माणूस शेवटी. शिपायाचा भाचा असो नाहीतर मोठ्या डॉक्टरांचा नातू, आपलं माणूस रांगेच्या शेवटाला. मामांना या रितीचा अभिमान होता. मुंगीचा नंबर चौदावा, म्हणजे शेवटचा. सकाळभर ती आतल्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या टोपलीत झोपली आणि येणारीजाणारी प्रत्येक सिस्टर तिच्या गालाला बोट लावून गेली. बाहेर मामा एकामागून एक तेरा बाळं धरत होते.

दोनला दहा मिनिटं होती. बाईंना अडीचला दुसऱ्या दवाखान्यात पोचायचं होतं. तेवढ्यात दारात एक बाई आली. खांद्यावर बाळ, हातात घामाने मऊ पडलेला कागद. पहाटे निघालेली, वाटेत बस बंद पडली, तिथून बरंच अंतर पायी आली होती. कागदावरची तारीख मागच्या गुरुवारची होती. तेव्हा नवऱ्याला रजा मिळाली नाही, एकटीला यायची भीती वाटली, एवढं सांगून ती भिंतीला टेकली. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, एकच होईल.

मामांनी टोपलीकडे पाहिलं. मुंगी झोपली होती.

"यांचं घ्या," मामा म्हणाले. "माझी काय, इथलीच आहे."

डॉक्टरबाईंनी मुंगीला पुढच्या गुरुवारी नक्की आणायला सांगितलं आणि जेल हातात घेतलं. त्या बाईच्या मुलाचा डावा खुबा उथळ निघाला. मामांनी तो आधीच ओळखला होता. पट्टे बांधायला मामांनीच मदत केली, कुठली पट्टी आधी, कुठली नंतर, आंघोळीचं काय, सगळं दोनदा समजावलं. बाई रडली, मग बाळाला छातीशी धरून हसली. ती गेली तेव्हा अडीच वाजले होते. डॉक्टरबाई केव्हाच निघून गेलेल्या, खोली रिकामी. मशीन बंद.

मामांनी मुंगीला टोपलीतून उचललं आणि टेबलावर पाठीवर ठेवलं. हात धुतले, पुसले, एकमेकांवर घासून गरम केले. गुडघे वाकवले. मांड्या उघडल्या. उजवी जिथे थांबली, तिथेच डावी थांबली. गुडघे एका उंचीवर. मांडीवरच्या वळ्या इकडे दोन, तिकडे दोन. मांड्या जरा लवकर अडतात असं त्यांना वाटलं, पण पोरगी झोपेतून उठवलेली, अंग आखडून घेतलेलं, तेव्हा असायचंच. दोन्ही सारख्याच अडत होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी दोन बाजूंतला फरक शोधला होता. इथे फरक नव्हता.

घरी लेक खिडकीशी उभी होती. जिना चढायच्या आत तिने दार उघडलं. एक हात पोटावरच्या ड्रेसिंगवर. दुसरा तिने मुंगीच्या पायावर ठेवला आणि मामांकडे पाहिलं.

"झालं," मामा म्हणाले. "दोन्ही बाजू सारख्या. काही नाही."

ती खुर्चीत बसली आणि हसत हसत रडू लागली. सकाळपासून पाणीसुद्धा पोटात गेलं नव्हतं म्हणाली. मामांनी चहा टाकला. आता ते बोलणं मागे घ्यायचं तर कसं घ्यायचं? त्यांनी मनात ठरवलं, पुढच्या गुरुवारी गुपचूप करून घेऊ, म्हणजे जे बोललो ते खरंच होईल.

पुढच्या गुरुवारी यादीत एकोणीस बाळं होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी मुंगीला ताप होता. तिसऱ्या गुरुवारी बाईंनी काम चालू असतानाच विचारलं, "मामा, नातीचं राहिलं ना?" बाहेर रांग दारापर्यंत आली होती. मामांच्या हातात एक बाळ शांत होत आलं होतं. ते म्हणाले, लेकीने तिच्या दवाखान्यातच करून घेतलं, सगळं ठीक आहे. बाईंनी मान हलवली. विषय संपला. एक खोटं घरी उभं होतं, दुसरं कामावर. एकमेकांना टेकू दिलेल्या दोन फळ्यांसारखी ती बरेच दिवस उभी राहिली.

मामा लबाड नव्हते. उशीर झाला तर हजेरीत उशीरच लिहीत. त्यांचा हातांवर विश्वास होता, एवढंच. रोज संध्याकाळी मुंगीला मालीश करताना ते दोन्ही पाय जोडून टाचा टाचांना लावून बघत. टाचा जुळत. मग त्यांना बरं वाटे. पाचवा महिना गेला. पट्ट्यांनी काम होईल ते दिवसही त्याच्याबरोबर गेले.

पुढे कधीतरी ती पायी आलेली बाई शेवटच्या तपासणीला आली. मुलगा तिचं बोट धरून उभा, एक-दोन पावलं टाकत होता. तिने मुलाला मामांच्या पुढ्यात उभं केलं. मामांनी त्या रात्रीच्या जेवणावर लेकीला ती सगळी गोष्ट सांगितली: बस, घामाने मऊ झालेला कागद, पट्टे. फक्त त्या दिवशी मागे कोण राहिलं, ते सोडून. लेक म्हणाली, "बाबा, तुझे हात सोन्याचे आहेत रे." मामा ताटाकडे बघून जेवत राहिले.

मुंगी उशिरा चालली. पंधराव्या महिन्यात. सकाळची वेळ. मामा स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते. लेकीने हाक मारली, "बाबा, बघ, बघ!" मुंगी त्यांच्यासमोरून निघून दाराकडे चालली होती. मामांना ती पाठीमागून दिसली. पोट पुढे, कंबर आत गेलेली. प्रत्येक पावलाला अंग कलत होतं, एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्हीकडे सारखंच.

लेक हसत फोनवर चित्र घेत होती, नवऱ्याला पाठवायला. "बदक झालंय नुसतं आमचं. आहे ना, बाबा?"

मामांनी नाडी तशीच सोडली. उठून मुंगीच्या मागे उभे राहिले. तिला परत चालायला लावलं.

त्यानंतर नऊ दिवस ते त्याबद्दल बोलले नाहीत. रोज सकाळी मुंगीला भिंतीपासून दारापर्यंत चालवायचे आणि मागे उभे राहून बघायचे. नवीन चालणारी सगळीच मुलं डुलतात, असं स्वतःला सांगायचे. त्यांनी एकोणीस वर्षांत जे इतरांच्या मुलांत ओळखलं, ते इथे ओळखायला नऊ दिवस घेतले. कोणी विचारलं तर आकडा ते आजही तसाच सांगतात, एक दिवसही कमी करत नाहीत. दहाव्या दिवशी ते लेकीला म्हणाले, एकदा दाखवून घेऊ, चालणं मला बरोबर वाटत नाही.

एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला होता. खोलीत बाई, मामा आणि मांडीवर मुंगीला घेऊन लेक. लेकीला चित्र वाचता येत नव्हतं, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचं वाचता येत होतं. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. हे गोळे. या वाट्या, असायला हव्या होत्या खोल, आहेत बशीसारख्या. गोळे वाटीत नाहीत, वर सरकलेत, बाहेर. उजवाही आणि डावाही. जन्मापासून असेच असणार. आता ऑपरेशन करून ते जागेवर आणावे लागतील, मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. किती यश येईल ते आज सांगता येत नाही.

लेकीने मुंगीला आणखी जवळ घेतलं. मुंगी तिच्या बांगडीशी खेळत होती.

"सहाव्या आठवड्यात बाहेर सोनोग्राफी केली होती ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तो रिपोर्ट आहे का?"

"बाहेर कुठे? इथेच केली. तुम्हीच केली."

"मी नाही केली."

"असं कसं म्हणता, मॅडम?" लेकीचा आवाज चढला. "बाबा स्वतः घेऊन आले होते तिला. दोन्ही ठीक आहेत म्हणून तुम्हीच सांगितलंत. आता चुकलं तर हात झटकताय? मी तक्रार करीन. लेखी करीन."

बाई रागावल्या नाहीत. त्या मामांकडे बघू लागल्या. मग लेकही बघू लागली. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक करकरत होतं. मामांना नंतर आठवत राहिलं, ते हे चाक. त्याला तेल पाहिजे होतं.

"मॅडमची चूक नाही," मामा म्हणाले. "सोनोग्राफी झालीच नव्हती. तो नंबर मी दुसऱ्याला दिला. मग हाताने बघितलं. दोन्ही सारख्या होत्या."

"दोन्ही निसटलेले असले, तर सारखेच लागणार, मामा," बाई हळू म्हणाल्या. त्यांनी दिवा बंद केला. एक्स-रे काळा झाला.

लेकीने मुंगीला खांद्यावर घेतलं. उठली, दाराशी गेली, तिथून वळली.

"एखादी काच डोळ्याला बरी दिसली म्हणून मी गिऱ्हाइकाला देते का रे, बाबा?" ती म्हणाली. "मशीन तुझ्यापासून दोन हातांवर होतं."

लहानपणापासून ती बापाला अरेतुरे करायची. तिचं ते शेवटचं अरे. घरी पोचेपर्यंत मामा 'तुम्ही' झाले होते.

आधी उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, मग डाव्या बाजूचं. ऑपरेशनच्या दिवशी लेकीने बाळाला आत सोडायला दवाखान्यातल्या दुसऱ्या मामाला बोलावलं. आपले मामा जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. जावई आठ दिवसांसाठी आला. भला माणूस. जायच्या आदल्या संध्याकाळी तो मामांजवळ येऊन बसला, म्हणाला, "तुम्हाला तरी...", आणि पुढचं वाक्य गिळून उठला. त्याने ते पूर्ण केलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं.

आणि मग प्लास्टर. ज्याने ते उचललेलं नसेल त्याला सांगून समजायचं नाही. मूल नऊ किलोचं, त्यावर तीन किलो प्लास्टर, पाय फाकलेले, मध्ये आडवी दांडी. दांडीला धरून उचलायचं नाही, ती निखळते. एका माणसाने खांदे आणि पाठ, दुसऱ्याने बूड आणि मांड्या, आणि दोघांनी एकाच वेळी. एक जरी पुढे झाला तर कड पोटात रुतते आणि पोरगी किंचाळते. दर तीन तासांनी कूस बदलायची. पालथी करताना उशा कुठे ठेवायच्या ते ठरलेलं. लंगोट प्लास्टरच्या कडेने आत खुपसायचा, ओल लागली तर कातडी जाते. एकटीने यातलं काही होत नाही. म्हणून लेक बापाशी बोलायची. धरा. वर. थांबा. सोडा. दिवसाला तेवढेच शब्द, आणि ते कामापुरते.

दवाखान्यात मामांनी बाईंना सांगून पाहिलं, मला या खोलीतून काढा, पुन्हा स्ट्रेचरवर द्या. बाई म्हणाल्या, कंबर तुटेल तुमची, आणि बाळं कोण धरणार? मामा गुरुवारी जातात. बाळ धरतात. पण पाठीवर घेऊन मांड्या उघडून बघणं त्यांनी बंद केलं. आलेलं बाळ सरळ होडीत ठेवतात आणि बाईंना म्हणतात, बघा. घरचं माणूस शेवटी, ही रीत मोडा असंही त्यांनी सिस्टरला एकदा सांगितलं. सिस्टर म्हणाली, मामा, रितीने काय केलंय? रितीने काही केलं नव्हतं. पुढचा गुरुवार होता, त्याच्या पुढचाही होता.

चार महिन्यांनी प्लास्टर काढून पुन्हा एक्स-रे झाला. उजवा गोळा वाटीत बसला होता. डावा बसला नव्हता. पुन्हा उघडावं लागलं, पुन्हा प्लास्टर घालावं लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी लेकीला स्पष्ट सांगितलं, चालेल, पण डावा पाय आखूड राहील. लंगडेल. तिशीच्या आत सांधा दुखायला लागेल. बाकी आमच्या हातात नाही.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कूस बदलायची वेळ झाली. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. मुंगी झोपली होती. प्लास्टरवर शेजारच्या मुलींनी रंगीत पेनांनी फुलं काढली होती. मामा खांद्याच्या बाजूला उभे राहिले, लेक पायांच्या. पण लेकीने हात घातले नाहीत.

"मोठी झाली की विचारणार ती," लेक म्हणाली. ती मुंगीकडे बघत होती. "शाळेत कोणीतरी चालून दाखवेल तिच्यासारखं. त्या दिवशी घरी येऊन विचारेल, माझाच पाय असा का."

मामांनी हातातली उशी पलंगावर ठेवली.

"मी सांगणार नाही. डॉक्टरांना सांगू देणार नाही, तिच्या बाबालाही नाही. तुम्ही सांगायचं. सगळं. ती टोपली, तो नंबर, घरी येऊन मला काय म्हणालात ते."

"सांगेन," मामा म्हणाले.

"आता नाही. तिला कळेल तेव्हा. दहा वर्षांची, बारा वर्षांची होईल तेव्हा." लेकीने मुंगीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तोवर जगा. मध्येच जायचं नाही. आई गेली तसं नाही."

मामांनी हिशेब केला. तेव्हा ते सत्तरीला टेकलेले असतील. आजवर त्यांना मरणाची घाई नव्हती आणि जगण्याचीही नव्हती. आता जगणं हे काम झालं होतं. कोणी नेमून दिलेलं काम त्यांनी कधी अर्धवट सोडलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.

बोलण्याने मुंगी जागी झाली. डोळे चोळले, इकडे तिकडे पाहिलं आणि दोन्ही हात मामांकडे वर केले. रोज खांद्याखाली हात घालतो तो माणूस तिला ओळखीचा होता.

लेकीने आपले हात प्लास्टरखाली घातले. "एक, दोन," म्हणाली, आणि दोघांनी एकदम उचललं. कड रुतली नाही. मुंगीने आजोबांच्या मानेला मिठी मारली, गाल त्यांच्या गालावर टेकवला आणि तशीच राहिली. तिला अजून काही विचारायचं नव्हतं.